फोर्टातली वर्तमानपत्र-फेरी : दगडांना पैकीच्या पैकी, हॉर्निमन काठावर पास

रविवारी सकाळी फोर्ट पायी फिरवून दाखवणारे गट आता मुंबईत बरेच झालेत. त्यातल्या एकाबरोबर मी आणि माझी भाची मध्यंतरी जाऊन आलो. फेरीचा विषय जाहिरातीत ‘फोर्टातल्या वास्तू आणि वर्तमानपत्रं’ असा दिला होता. माणशी सहाशे रुपये, अडीच तास चालणं, शेवटी इराण्याकडे चहा-बनमस्का त्याच पैशांत. माझी सगळी नोकरी एका मराठी दैनिकात उपसंपादक म्हणून गेली, त्यातली बरीचशी रात्रपाळीत. त्यामुळे ‘वर्तमानपत्रं’ एवढंच वाचून मी पैसे भरून मोकळी झाले. गटाचं नाव मुद्दाम देत नाही. मुलं चांगली आहेत, कष्टाळू आहेत, आणि मला जे खटकलं ते त्यांच्यापुरतंच असेल असं वाटत नाही.

आधी जमेची बाजू. वेळेच्या बाबतीत मंडळी पक्की. साडेसात म्हणजे साडेसात. उशिरा येणाऱ्यांसाठी बाकीच्यांना ताटकळत ठेवलं नाही, त्यांना फोनवर पुढचा थांबा सांगितला. कानात घालायचं छोटं यंत्र देतात, त्यामुळे बोलणाऱ्याच्या अंगावर धावून जावं लागत नाही. आमच्यासारख्या साठी ओलांडलेल्यांना ते सोयीचं. फिरवणारा मुलगा आर्किटेक्चर शिकलेला, मराठी उत्तम, इंग्रजीची फोडणी माफक. “काकू, इकडे सावलीत या,” असं दर थांब्यावर आठवणीने म्हणत होता. दगड कुठल्या खाणीतला, कमान कुठल्या शैलीतली, नळ्याच्या तोंडाशी सिंहाचं डोकं का असतं, हे सगळं त्याला मुखोद्गत. सेंट थॉमस चर्चपाशी (१७१८ सालचं, ज्याच्यामुळे चर्चगेटला चर्चगेट म्हणतात ते) त्याने जे सांगितलं त्याचं मी मनातल्या मनात कौतुक केलं. टाउन हॉलच्या खांबांवर तर तो रंगून बोलला. समोरच्या वडाखाली शेअर दलाल जमायचे, ती हकीकतही छान रंगवली.

आता वर्तमानपत्रं. फेरी हुतात्मा चौकातून सुरू झाली. तिथे कारंज्याचं १८६४ हे साल सांगितलं, देवीचं नाव सांगितलं, स्मारकाबद्दल चार वाक्यं झाली. अत्र्यांचा ‘मराठा’ १९५६ साली ज्या लढ्यासाठी निघाला तो लढा याच चौकाच्या नावात आहे, पण ‘मराठा’चं नाव काही निघालं नाही. बरं, म्हटलं, पुढे येईल. ‘मुंबई समाचार’च्या लाल इमारतीपाशी थांबलो. १८२२ पासून चालू असलेलं, आशियातलं सर्वांत जुनं चालू वर्तमानपत्र, हे त्याने सांगितलं, आणि सगळ्यांनी मोबाइल वर केले. बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ जानेवारी १८३२ मध्ये याच मुंबईत निघालं, म्हणजे मगाशी ज्याचे खांब पाहिले तो टाउन हॉल पुरा व्हायच्या एक वर्ष आधी मराठी माणसाने वर्तमानपत्र काढलं होतं, हे मीच भाचीला हळूच सांगितलं.

मग आलं हॉर्निमन सर्कल. बागेच्या फाटकाशी उभं राहून मुलगा म्हणाला, “याचं मूळ नाव एल्फिन्स्टन सर्कल. नंतर हॉर्निमन नावाच्या ब्रिटिश पत्रकाराचं नाव दिलं. तो भारताच्या बाजूने लिहायचा.” आणि लगेच अर्धवर्तुळातल्या इमारतींच्या एकसारख्या कमानींकडे वळला. दोन वाक्यं. आमच्याकडे सिंगल कॉलमच्या तळाशी जागा उरली की भरायला जेवढा मजकूर लागतो, तेवढासुद्धा नाही.

माझा राग इथेच आहे. या माणसाची जवळजवळ सगळी मुंबईतली कारकीर्द त्या फाटकाशी उभं राहून, मान इकडून तिकडे फिरवत सांगता येते. एवढी सोय दुसऱ्या कुठल्याही संपादकाने करून ठेवलेली नाही.

बेंजामिन गाय हॉर्निमन. १८७३ चा जन्म, इंग्लंडमधल्या ससेक्सचा. पोर्ट्समथच्या एका सायंदैनिकात उमेदवारी, मग ‘मँचेस्टर गार्डियन’सह तिथल्या आणखी दैनिकांत नोकऱ्या. १९०६ साली कलकत्त्याला ‘स्टेट्समन’मध्ये आले. वंगभंगाच्या विरोधातल्या एका मिरवणुकीत धोतर-कुर्ता घालून अनवाणी चालले, अशी नोंद आहे. ‘स्टेट्समन’च्या साहेबमंडळींना ते कितपत रुचलं असेल याची कल्पना करा. १९१३ मध्ये फिरोजशहा मेहतांनी त्यांना मुंबईत ‘बॉम्बे क्रॉनिकल’चं संपादक केलं. मेहतांना ब्रिटिश मालकीच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’ला उत्तर देणारं इंग्रजी दैनिक हवं होतं. आणि त्या खुर्चीवर त्यांनी बसवला इंग्रजच. मला यात मेहतांची धूर्त हुशारी दिसते. सरकारवर टीका करणारा हिंदी माणूस असला की त्याला राजद्रोही म्हणून मोकळं होता येतं. टीका करणारा साहेब असला की आधी थोडा विचार करावा लागतो.

विचार सहा वर्षं चालला. तेवढ्या काळात हॉर्निमननी छापखान्यांवर दंडुका धरणाऱ्या १९१० च्या प्रेस ॲक्टविरुद्ध पत्रकारांची संघटना उभी केली, बेझंटबाईंच्या होमरूल लीगचे उपाध्यक्ष झाले, आणि पत्राच्या संचालक मंडळावर जीना होते त्यांच्याबरोबर चळवळीत उतरले. हे लिहिताना मला थोडं अवघडल्यासारखं होतं, ते लपवत नाही. आमच्या संपादकांनी एखाद्या राजकीय संघटनेचं उपाध्यक्षपद घेतलं असतं तर आम्ही कँटीनमध्ये त्यांना फाडून खाल्लं असतं. अग्रलेखात मत लिहावं, व्यासपीठावर जाऊन बसू नये, अशी आमची शिकवण. पण तेव्हाचं मैदान सपाट नव्हतं. बाजू न घेणारं पत्र म्हणजे आपोआप सरकारचं पत्र, असाच तो काळ होता. तरीही हा प्रश्न विचारायलाच हवा, आणि फेरीतल्या कॉलेजच्या मुलांनी त्यावर छान वाद घातला असता. आजच्या टीव्हीवरच्या संपादकांची नावं दोन मिनिटांत निघाली असती.

आता फाटकातून टाउन हॉलकडे तोंड करा. ज्या पायऱ्यांवर हल्ली लग्नाआधीचे फोटो काढतात, त्याच त्या. ११ डिसेंबर १९१८. गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन मुदत संपवून निघाले होते आणि त्यांच्या गौरवासाठी शेरीफने इथे सभा बोलावली होती. होमरूलवाल्यांशी विलिंग्डनचं वाकडं होतं. मुंबईकरांच्या नावावर हा गौरव होऊ द्यायचा नाही, असं जीना आणि हॉर्निमन यांनी ठरवलं. त्यांची माणसं लवकर येऊन दाराशी बसली, दार उघडताच पुढच्या जागा धरल्या. मग जो गदारोळ झाला त्यात ठराव कोणाला ऐकूच गेला नाही. पोलिसांनी हॉल रिकामा केला, जीनांना धक्काबुक्की झाली. पुढे लोकांनी एकेक रुपयाची वर्गणी काढून जीनांच्या नावाने सभागृह बांधलं, ते काँग्रेस हाउसच्या आवारात. म्हणजे गव्हर्नरचं स्मारक व्हायचं होतं आणि झालं विरोध करणाऱ्याचं. आणि ज्या संपादकाने त्या पायऱ्यांवर दंगा केला, त्याचं नाव आज पायऱ्यांसमोरच्या चौकाला आहे. गव्हर्नर एल्फिन्स्टन यांचं नाव काढून. मला सांगा, या थांब्यावर कमानींबद्दल बोलायला वेळ उरतो कसा?

बातमी घडवणारा आणि छापणारा एकच, हेही इथे बोलता आलं असतं. दुसऱ्या दिवशीचं ‘क्रॉनिकल’ लावताना रात्रपाळीच्या माणसाची काय गंमत झाली असेल! संपादक स्वतः सभेतून आलेले, कॉलर फाटलेली असली तरी आश्चर्य नाही, आणि आता मथळा किती कॉलमांचा करायचा हे विचारायचं कोणाला?

त्यानंतर चार महिन्यांत रौलट कायदा, हरताळ, आणि १३ एप्रिल १९१९ चं जालियनवाला बाग. पंजाबात लष्करी कायदा, बातम्यांवर पहारा. ‘क्रॉनिकल’ने सरकारला सोडलं नाही, आणि २६ एप्रिलला सरकारने हॉर्निमनना धरून इंग्लंडला रवाना केलं. खटला नाही, न्यायाधीश नाही, ज्युरी नाही. लोकमान्यांना निदान कोर्टात बोलायला मिळालं होतं, याला तेवढंही नाही. युद्धकाळातल्या संरक्षण कायद्याचं एक कलम पुरलं. ‘क्रॉनिकल’ काही काळ बंद पडलं, आणि ती उणीव भरून काढायला शंकरलाल बँकर, उमर सोबानी यांनी ‘यंग इंडिया’ गांधींच्या हाती दिलं. गांधींच्या हाती इंग्रजी साप्ताहिक येण्यामागे एका संपादकाची हद्दपारी आहे, हे आपल्याला शाळेत कोणी सांगितलं होतं?

आणि गोवर्धन दास. हे नाव मी मुद्दाम लिहिते. ‘क्रॉनिकल’साठी पंजाबातून बातम्या पाठवणारा वार्ताहर. त्याला तीन वर्षांची कैद झाली. संपादकाला बोटीत बसवून मायदेशी पाठवलं आणि वार्ताहराला तुरुंगात टाकलं. साहेब असण्याचा फायदा हॉर्निमनना झालाच, त्यांना तो नको असला तरी. इंग्लंडमध्ये गेल्यावर ते गप्प बसले नाहीत. तिथल्या मजूरपक्षीय ‘डेली हेरल्ड’मधून त्यांनी अमृतसरचं प्रकरण मांडलं आणि १९२० मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं, ही त्यांची बाजू. पण डेस्कवर आयुष्य काढलेल्या बाईला दर वेळी बातमीच्या तळाचं नाव आधी दिसतं. चौक संपादकाचा झाला, वार्ताहराच्या नावाची एक बोळही नाही.

बोळ म्हटल्यावर आठवलं. चौकाशेजारीच सय्यद अब्दुल्ला ब्रेलवी यांच्या नावाचा रस्ता आहे. आमची फेरी त्यावरून चालत गेली. पाटी वाचून एका गृहस्थांनी विचारलंही, “हे कोण?” मुलगा म्हणाला, “स्वातंत्र्यसैनिक असावेत.” असावेत काय, होतेच. पण आधी ते ‘क्रॉनिकल’चे संपादक. हॉर्निमन हद्दपार असताना काही वर्षं खुर्चीवर मार्माड्यूक पिकथॉल होते, इंग्रजीत कुराण आणणारे तेच. त्यांच्यानंतर ब्रेलवी आले, आणि त्यांनी पत्र अखेरपर्यंत सांभाळलं. एकाच दैनिकाचे दोन संपादक, एकाला चौक, दुसऱ्याला लगतचा रस्ता. ‘वर्तमानपत्रं’ असं नाव दिलेल्या फेरीने ही जोडी सोडावी म्हणजे कमाल आहे.

हॉर्निमनना परत यायला पासपोर्ट मिळत नव्हता. सात वर्षं अशी गेली. शेवटी १९२६ च्या जानेवारीत सिलोनमार्गे मद्रासला उतरून ते आले. पुन्हा ‘क्रॉनिकल’, मग स्वतःचं ‘इंडियन नॅशनल हेरल्ड’, ते काही टिकलं नाही. इथवरची गोष्ट चळवळीच्या इतिहासात सापडते. मला त्यांच्याबद्दल खरा आदर वाटतो तो यापुढच्या भागासाठी, आणि तो भाग फारसा कोणी सांगत नाही.

१९३३ मध्ये, वयाच्या साठाव्या वर्षी, त्यांनी ‘बॉम्बे सेंटिनल’ हे सायंदैनिक काढलं आणि पुढे बारा वर्षं चालवलं. सायंदैनिक म्हणजे काय ते ज्याने काढलं आहे त्यालाच माहीत. सकाळच्या पत्राला अख्खी रात्र मिळते. सायंदैनिकाचा माणूस सकाळी येतो तेव्हा हातात काही नसतं, आणि दुपारी गाड्या सुटायच्या आत पान लावून मोकळं व्हावं लागतं. कोर्टातला निकाल, पोलिस चौकीतली मारामारी, गिरणीच्या दारातला संप, सगळं गरम असतानाच विकायचं. जो माणूस गव्हर्नरशी भांडला, ज्याच्या हद्दपारीने देशात खळबळ उडाली, तो साठीला नुसता मानाचा लेखक होऊन आठवड्याला एक स्तंभ लिहीत बसला असता तर कोणी नाव ठेवलं नसतं. त्याऐवजी तो रोज दुपारच्या धावपळीत उभा राहिला. आमच्याकडे ज्येष्ठ संपादक निवृत्त झाले की त्यांचे सत्कार होतात. साठीला नवं सायंदैनिक काढणारा मी तरी पाहिला नाही.

१९४१ च्या फेब्रुवारीत रुसी करंजियांचं ‘ब्लिट्झ’ निघालं, त्यामागेही हॉर्निमन होते. करंजिया, दिनकर नाडकर्णी आणि हॉर्निमन यांनी काळा घोड्याच्या वेसाइड इनमध्ये चहा पिता पिता ते ठरवलं, अशी गोष्ट सांगतात. आमची फेरी काळा घोड्यालाही गेली. तिथे कॅफे आणि चित्रांची दुकानं दाखवली, वेसाइड इन कुठे होतं ते नाही. १९४८ च्या ऑक्टोबरात हॉर्निमन गेले. ज्या देशासाठी त्यांना देशाबाहेर काढलं होतं, तो स्वतंत्र झालेला त्यांनी वर्षभर पाहिला.

एवढं सगळं दोन वाक्यांत गुंडाळल्यावर मी गप्प बसणाऱ्यातली नाही. चहाच्या वेळी मुलाला म्हटलं, “अरे, त्या चौकात तुझी खरी गोष्ट होती.” त्याने ऐकून घेतलं, आणि उत्तर दिलं ते मला विचार करायला लावणारं होतं. “काकू, लोक फोटो काढायला येतात. इमारत समोर असते. माणूस कुठून दाखवू? पुतळाही नाही.” खरं आहे. दगड दाखवायला सोपा, छापलेला शब्द दाखवायला अवघड. पण अशक्य नाही. ‘क्रॉनिकल’च्या एखाद्या पानाची मोठी प्रत काढून, प्लास्टिकमध्ये घालून बरोबर घ्यावी. टाउन हॉलच्या पायरीवर बसवून चार ओळी मोठ्याने वाचाव्यात. वर्तमानपत्राचा फोटो निघतो की. ‘मुंबई समाचार’पाशी ‘दर्पण’चं पान दाखवता येईल, ते दोन भाषांत शेजारी शेजारी छापलेलं, लोकांना आवडेलच. त्याने मोबाइलवर टिपून घेतलं. करतो का ते पाहू.

भाचीचं मत वेगळं पडलं, तेही सांगते. ती म्हणाली, “मावशी, तुला आधीच सगळं माहीत होतं म्हणून तू चिडलीस. मला तर टाउन हॉलच आज पहिल्यांदा नीट दिसला.” तिच्यासारख्यांसाठी सहाशे रुपये वसूल आहेत. माझ्यासारख्यांनी जाहिरातीतल्या ‘वर्तमानपत्रं’ या भागाच्या नादी लागू नये. पाचपैकी तीन तारे मी देते, त्यातले अडीच वास्तूंचे.

जाणाऱ्यांसाठी काही गोष्टी. मध्य रेल्वेवरून येणार असाल तर रविवारचा मेगाब्लॉक आदल्या रात्री बघून ठेवा. सकाळी जाताना त्रास होत नाही, परतताना होतो. वाटेत स्वच्छतागृहाचा एकही थांबा ठेवलेला नाही. ज्येष्ठ नागरिकांना पैसे भरतानाच याची सूचना द्यायला हवी होती. स्टेशनातच आटपून निघालेलं बरं. चपला नकोत, बूट घाला, फुटपाथच्या लाद्या जागोजागी उचकटलेल्या आहेत. पावसाळ्यात फेरी होते, पण कानातली यंत्रं तेव्हा देत नाहीत म्हणे. लहान मुलांना दीड तासानंतर कंटाळा येतो, आमच्यातली दोन बागेच्या फाटकाशीच मटकन बसली होती.

इराण्याकडचा बनमस्का ताजा होता, लोणी हात राखून लावलेलं नव्हतं. दुसरा मागवलात तर त्याचे पैसे वेगळे द्यावे लागतात.